सत्तेचाळिसावा प्रश्न

जसं छापलंय तसंच वाचायचं.
पदरचा शब्द घालायचा नाही,
उत्तर ऐकून 'हं' म्हणायचं नाही,
त्या 'हं'कडे उत्तर कलतं म्हणे.
नेब्रास्कातल्या या तळघरात भिंतीकडे तोंड करून
आम्ही चौदा जण
अख्ख्या देशाला एकाच सुरात विचारत असतो.

आज लागलेला तिसरा नंबर वरच्या मिशिगनचा.
मार्लिस कोस्केला.
मुलगा एइनो, वय सात.
श्वासाला नळी, पोटाला नळी, आकडी.
चार ते अकरा, सगळ्या प्रश्नांना हो.

'गेल्या बारा महिन्यांत
तुमच्या मुलाला पाहणाऱ्या निरनिराळ्या डॉक्टरांमध्ये
समन्वय साधायला
तुम्हाला कुणाची मदत झाली का?'

'काय साधायला?'

मी प्रश्न पुन्हा वाचला.
तेवढंच माझ्या हातात.

ती हसली. मग सांगत सुटली.
फुप्फुसांचे डॉक्टर मार्केटला,
बर्फ नसेल तर दोन तास.
मेंदूचे ॲन आर्बरला,
मोठा पूल ओलांडून, साडेपाचशे मैल.
दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही.
याने सुरू केलेली गोळी त्याने बंद केली,
हे तिला औषधांच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं,
नवव्या दिवशी.
खुर्चीचा कागद विम्याकडे, विम्याचा शाळेकडे,
शाळेचा परत हिच्याचकडे,
आणि तोवर खुर्ची आखूड पडलेली.

हेलपाट्यांना आमच्याकडे रकाना नाही.
'भेटी' आहे. त्यात मी चौतीस भरले.

'निळी फाइल मी नवऱ्याच्या
मासे तोलायच्या काट्यावर टांगून पाहिली,' ती म्हणाली,
'सहा पौंड.
एइनो जन्मला तेव्हा तीन होता.'

मी म्हटलं, 'हं.'

(चौदाव्या मिनिटाला. ध्वनिफितीवर आहे.
सोमवारी लाल खूण होईल.)

'बसवाला रेइनो धरायचा का?
दर गुरुवारी आदल्या रात्री फोन करतो,
पंप चार्जिंगला लावलास का,
उद्या मार्केट ना, मग शाळेला मीच कळवतो.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
हे समन्वयात बसतं?'

अशा वेळी म्हणायला एकच वाक्य दिलेलं आहे:
'तुम्हाला त्याचा जो अर्थ वाटेल तो.'

तेवढ्यात तिकडे काहीतरी किंचाळलं.
'थांबा हं,' म्हणून फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज.
मग नळीतून ओढून घेतल्यासारखी घरघर,
आणि तिच्यावर तिचा सपाट आवाज,
युक्सी, काक्सी, कोल्मे,
कुठली भाषा ते मला ठाऊक नव्हतं,
पण आकडे होते हे कळलं,
आकडे कुठल्याही भाषेत तसेच पडतात.
दहाला थांबली. श्वास. पुन्हा एकपासून.
पडद्यावर चौकट लुकलुकत राहिली:
उत्तर देणारी व्यक्ती अजून लाइनवर आहे का?
चार मिनिटं अकरा सेकंद
मी 'होय' दाबत राहिले.

'हां, बोला.'
'नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, की कधीच नाही?'
'रेइनोला धरून?'
मी गप्प.
'त्याला धरलं तर कधीकधी.
न धरणं बरं दिसत नाही.'

मी तीन दाबलं.
पुढचा प्रश्न दातांच्या डॉक्टरांचा होता.

घरी जाताना गाडीत काच गरम व्हायची वाट बघत बसले.
वरच्या मजल्यावरची हिशेबी माणसं
आता त्या तिनाला वजन देतील,
तिच्यासारख्या, आम्ही फोन न केलेल्या
नऊशे बारा घरांचं.
माप चोख असतं त्यांचं, पाप नसतं त्यात.
नऊशे बारा घरांत कधीकधी कुणीतरी असतं, असं छापून येईल.

रेइनो एकच आहे.
चौसष्टचा. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतोय,
हे तिने फोन ठेवता ठेवता सांगितलं,
शेवटचा प्रश्न संपल्यावर.